ताम्रपटापासून नांवाच्या बिल्ल्यापर्यंत

सकाळच्या गाडीनें बोईसर स्थानकावर उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलें तर एक गोष्ट सहज नजरेस येते. औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांचे अधिकारी, रुग्णालयांतील परिचारिका, बँकांतील सेवक, पहारेकरी ह्यांपैकीं कित्येकांच्या छातीवर धातूची एक लहानशी पट्टी असते व तीवर त्यांचें नांव कोरलेलें असतें. दोन-अडीच इंच लांबीची ही वस्तु इतकी किरकोळ वाटते कीं, ती कोणी निवडली व कोणत्या विचारानें निवडली, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनांत येत नाहीं. संस्थेचा एखादा अधिकारी नमुने मागवतो. पितळ कीं पोलाद, चौकोनी कीं लंबगोल, एवढें ठरवतो. आणि नांवांची यादी कोरणाऱ्याकडे पाठवून मोकळा होतो.

परंतु धातूवर नांव कोरून तें लोकांपुढें ठेवण्याची चाल फार जुनी आहे. तिचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, तिच्या मुळाशीं शोभेचा नव्हे, तर अधिकाराचा व जबाबदारीचा प्रश्न आहे. नांव कोणाचें कोरावयाचें, आणि तें कोणी वाचावें म्हणून कोरावयाचें, हा तो प्रश्न होय. त्याचें एक अत्यंत प्राचीन उत्तर बोईसरपासून थोड्याच मैलांवर, तारापूरच्या खाडीपलीकडे सांपडलें आहे.

तारापूर म्हटलें कीं मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास चिमाजीअप्पांची वसईची मोहीम आठवते. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं तेथील पोर्तुगिजांचा किल्ला घेतला. ह्या तारापूरच्या उत्तरेस, खाडीच्या दुसऱ्या तीरावर, चिंचणी हें गांव आहे. तेथें १९५५ सालीं नऊ ताम्रपत्रें सांपडलीं. सुप्रसिद्ध लेखवाचक दिनेशचंद्र सरकार ह्यांनीं त्यांचें वाचन करून तीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या बत्तिसाव्या खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांतील एक लेख शक ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्या वेळीं राष्ट्रकूट घराण्यांतील तिसरा इंद्र गादीवर होता.

ह्या लेखांत ज्या अधिकाऱ्याची हकीकत आली आहे, ती वाचून आजहि आश्चर्य वाटतें. त्याचें नांव मधुमती. सुगतिप ह्या नांवानेंहि तो ओळखला जाई. मधुमती हें मुहम्मद ह्या नांवाचें संस्कृत वळणाचें रूप होय. लेखांत त्याला 'ताजिक', म्हणजे अरब, म्हटलें आहे. दुसऱ्या कृष्णराजानें त्याच्याकडे संयान-मंडळाचा कारभार सोंपविला होता. संयान म्हणजे डहाणूच्या उत्तरेस, आज गुजरातेंत असलेलें संजाण. किनाऱ्यावरील बंदरांचे अधिपति जिंकून त्या बंदरांत ह्या सुगतिपानें आपले अधिकारी नेमले. दोन प्रवाहांवर त्यानें उतारूंसाठीं फुकट नावा ठेवल्या. संयान येथें अन्नछत्र घालून साळीचा भात, कालवण आणि तूप ह्यांची सोय केली. अन्नैय नांवाच्या एका ब्राह्मणानें बांधलेल्या देवीच्या मठिकेस एक गांव व दुसऱ्या एका गांवांतील जमीन दान मिळाली. त्या दानाचा हा लेख आहे. राजाचें, अधिकाऱ्याचें, त्याच्या बापाचें, त्याच्या पुव्वैय नांवाच्या अमात्याचें आणि मठिका बांधणाराचें अशीं सर्वांचीं नांवें तांब्यावर कोरलेलीं आहेत.

चिंचणीच्या दुसऱ्या एका लेखाची मिति शक ९५६, म्हणजे इ. स. १०३४ अशी आहे. ठाण्याच्या शिलाहार घराण्यांतील छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज ह्यानें मठिकेला तेलाचा एक घाणा दिला. तेल देवीपुढील दिव्यास लागावें, तसेंच येणाऱ्या विद्वानांच्या पायांस लावण्यासाठीं उपयोगीं पडावें, असा उद्देश होता. एका घाण्यासाठीं तांब्याचा पत्रा, लेखक आणि कोरणारा एवढी यातायात कशासाठीं केली असावी, असें कोणास वाटेल. त्याचें कारण ताम्रपट ठेवण्याच्या पद्धतींत आहे.

ताम्रपट राजवाड्यांत ठेवण्यासाठीं नसे. तो दान घेणाऱ्याच्या हातीं दिला जाई. राजे बदलत, अधिकारी बदलत; एखादा नवा अधिकारी येऊन त्याच जमिनीचा सारा मागूं शके. अशा वेळीं मठिकेचे लोक तो पत्रा त्याच्यापुढें ठेवीत. ताडपत्र कुजतें, शब्द विसरला जातो. पण अमक्या अधिकाऱ्यानें अमक्यास अमुक दिलें, हें तांबें सांगत राही. म्हणजे कोरलेलें नांव अधिकाऱ्याच्या मिरवण्यासाठीं नव्हतें. समोरच्या दुबळ्या पक्षाच्या हातांत तें पुराव्याचें साधन होतें. बनावट ताम्रपट झाले नाहींत असें नाहीं; इतिहाससंशोधकांनीं असे कित्येक पत्रे उघडकीस आणले आहेत. पण खोटा पत्रा करण्याचा मोह व्हावा, हेंच खऱ्या पत्र्याला किती मान होता ह्याचें गमक आहे.

धातूची खूण अंगावर धारण करण्याची चाल ह्याहून निराळी. गंमत अशी कीं, 'ताम्रपट' ह्या शब्दांतील 'पट' आणि शिपायाच्या कमरेचा 'पट्टा' हे दोन्ही शब्द संस्कृत 'पट्ट' ह्या एकाच शब्दापासून आले आहेत. पट्ट म्हणजे फळी, पत्रा किंवा पट्टी. कपाळावर बांधावयाच्या पट्टीसहि तेंच नांव. राजाच्या मुख्य राणीस पट्टराणी म्हणतात तें ह्या कपाळपट्टामुळें. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत पट्टाच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. राजाच्या पट्टाची रुंदी मध्यभागीं आठ अंगुळें, राणीच्या पट्टाची सात, युवराजाच्या पट्टाची सहा, सेनापतीच्या पट्टाची चार आणि कृपाप्रसाद म्हणून दिलेल्या पट्टाची दोन अंगुळें असावी, असें तेथें सांगितलें आहे. राजाच्या पट्टास पांच शिखा, राणीच्या व युवराजाच्या पट्टांस तीन, सेनापतीच्या पट्टास एक. प्रसादपट्टास मात्र शिखाच नाहीं. धातु शुद्ध सोनें.

आज एखाद्या कचेरींत वरिष्ठांना सोनेरी व कनिष्ठांना रुपेरी पट्टी द्यावी कीं नाहीं, ह्यावर चर्चा होते, तिचा पूर्वज हा अध्याय होय. ह्या पट्टावर नांवाची जरूरी नव्हती. दुरून पाहणाऱ्यास माणसाचा दर्जा कळला म्हणजे त्याचें काम झालें. तेव्हां धातूच्या खुणेचे असे दोन प्रवाह दिसतात. एकांत नांव असे व तें दुसऱ्याच्या हातीं दिलें जाई; दुसऱ्यांत दर्जा असे व तो स्वतःच्या अंगावर मिरविला जाई. आजची नांवाची पट्टी ह्या दोहोंच्या संगमावर उभी आहे. मात्र हा संगम होण्यास फार काळ लागला, आणि मधल्या काळांत अंगावरच्या धातूवर सामान्य सेवकाचें नांव येत नसे.

हा मधला काळ म्हणजे चपराशीचा आणि पट्टेवाल्याचा काळ. फारसींत चप म्हणजे डावा व रास्त म्हणजे उजवा. पट्ट्याचीं डावीं-उजवीं टोंकें जोडणारी ती चपरास, अशी व्युत्पत्ति सांगतात. ती धारण करणारा तो चपराशी. यूल व बर्नेल ह्यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या कोशांत चपराशीची ओळख करून दिली आहे ती अशी कीं, ज्या कचेरीचा तो सेवक त्या कचेरीचें नांव कोरलेली पट्टी तो लावतो. बंगालकडे ज्यास चपराशी म्हणत त्यास मुंबई इलाख्यांत पट्टेवाला म्हणत, असेंहि त्या कोशांत नमूद आहे.

ह्या पितळेवर काय कोरलेलें असे हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. कचेरीचें नांव असे, माणसाचें नसे. गांवांत पट्टेवाला आला म्हणजे लोकांच्या दृष्टीनें सरकारच आलें. तो भला असला तर प्रश्न नव्हता. परंतु त्यानें अरेरावी केली, कोणास विनाकारण तिष्ठत ठेविलें, तर तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? पितळ सांगे तें कचेरीचें नांव, आणि कचेरी तर तक्रार ऐकणारी! ताम्रपटानें अधिकाऱ्याचें नांव रयतेच्या हातीं दिलें होतें. चपराशीनें अधिकार रयतेपुढें उभा केला, पण त्यामागच्या माणसाचें नांव झांकून ठेविलें.

नांवाच्या जागीं मग क्रमांक आला. १८६४ सालीं मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग सुरू झाला आणि पालघर-बोईसरचा मुलूख रेल्वेच्या जगांत ओढला गेला. स्थानकावरील हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला आला; त्यावर क्रमांक. पुढें टॅक्सी व रिक्षा चालविणारांस बिल्ले मिळाले, त्यांवरहि क्रमांक. पोलीस शिपायाच्या पट्ट्याच्या बकलावर क्रमांक असे, आणि त्यावरून 'बक्कल नंबर' हा शब्द मराठींत असा रुजला कीं, पोलिसांच्या कागदपत्रांत शिपायाच्या नांवापुढें तो अजूनहि लिहिला जातो.

क्रमांकाला दोष देण्यापूर्वीं त्याचा गुणहि पाहिला पाहिजे. ज्या काळीं बहुसंख्य लोकांस लिहितां-वाचतां येत नव्हतें, त्या काळीं दोन-तीन आंकडे लक्षांत ठेवणें हें लांबलचक नांव वाचण्यापेक्षां सोपें होतें. सामान घेऊन गेलेल्या हमालाचा क्रमांक आठवला तर सामानाचा पत्ता लागे. परंतु क्रमांकाचें नांव करणारें पुस्तक नेहमीं वरिष्ठाच्या कपाटांत असे. प्रवाशास क्रमांक मिळे. माणूस मिळे तो वरिष्ठाची इच्छा असेल तरच. शिवाय ज्याच्या अंगावर तो बिल्ला असे, त्याच्या बाजूनें पाहिलें तरी नांव गळून आंकडा उरणें हें सुखाचें नव्हतें. ह्या पद्धतीचें अत्यंत क्रूर रूप अमेरिकेंत दिसलें. तेथील चार्ल्स्टन शहरांत एकोणिसाव्या शतकांत, १८६५ सालीं गुलामगिरी संपेपर्यंत, मजुरीस पाठविलेल्या गुलामांना तांब्याचे बिल्ले लावावे लागत. त्यांवर शहराचें नांव, वर्ष, 'हमाल', 'नोकर', 'कोळी' असा धंदा आणि क्रमांक कोरलेला असे. माणसाचें नांव मात्र कोठेंच नसे.

पालघरच्या लोकांस गणवेश व नांव ह्यांचा हा संबंध एका दुःखद दिवशीं जवळून पाहावा लागला. 'चले जाव' चळवळींत १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पंचक्रोशींतील लोकांचा मोर्चा पालघरच्या कचेरीवर गेला, गोळीबार झाला आणि पांच जण हुतात्मे झाले. दर वर्षीं त्या दिवशीं पालघरला त्या पांचांचें स्मरण केलें जातें. त्यांचीं नांवें घराघरांत माहीत आहेत. ज्यांनीं निःशस्त्रपणें छाती पुढें केली तीं माणसें नांवानें उरलीं, आणि समोर होता तो गणवेश. राज्य परकें असतां गणवेशानें नांव सांगावें अशी अपेक्षाहि कोणी करीत नव्हतें. राज्य स्वतःचें झाल्यावर मात्र ती अपेक्षा रास्त ठरते.

तरीहि ती कायद्यांत उतरण्यास स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर १९९६ रोजीं निकाल देतांना अटकेसंबंधीं जे नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच नियम नांवाच्या पट्टीचा आहे. अटक करणाऱ्या पोलिसांनीं आपली ओळख पटेल अशी अचूक, स्पष्ट व सहज दिसणारी नांवाची आणि हुद्द्याची पट्टी लावली पाहिजे, असें न्यायालयानें सांगितलें. पुढें २००८ च्या दुरुस्ती कायद्यानें अटक करणाऱ्याच्या नांवाची ही अट फौजदारी प्रक्रिया संहितेंत आली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमांत ती कायम आहे. कोठडींतल्या माणसाच्या हातीं त्या क्षणीं दुसरें कांहीं नसतें. आपणांस कोणी धरून आणलें, हें सांगतां येणें एवढाच त्याचा आधार. चिंचणीच्या मठिकेच्या हातीं जो आधार तांब्यानें दिला होता, त्याच जातीचा हा आधार आहे.

रुग्णालयांत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें पुढें आली. इंग्लंडांतील केट ग्रेंजर ह्या स्वतः डॉक्टर होत्या व कर्करोगानें आजारी होत्या. २०१३ सालीं रुग्णालयांत असतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, उपचारास येणाऱ्यांपैकीं कित्येक जण स्वतःचें नांवच सांगत नाहींत. त्यांनीं 'नमस्कार, माझें नांव अमुक' अशी साधी चळवळ सुरू केली आणि ती ब्रिटनमधील रुग्णालयांत दूरवर पसरली. त्या २०१६ सालीं वारल्या. खाटेवर पडलेल्या रोग्यास आपल्या अंगाला हात लावणारा माणूस कोण, हें कळणें हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे, हें त्यांचें म्हणणें होतें. नांवाची पट्टी तेथें तक्रारीसाठीं नसून विश्वासासाठीं आहे.

नांव कोरावयाचें हें एकदां ठरलें, तरी आपल्याकडे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. नांव म्हणजे किती नांव? मराठी माणसाचें आडनांव वाचतांच त्याची जात, प्रांत, धर्म ह्यांविषयीं समोरचा मनांत अंदाज बांधूं लागतो. २०२५ च्या आरंभीं बीड जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनीं ह्याच कारणास्तव पोलिसांनीं परस्परांस पहिल्या नांवानें हांक मारावी असें सांगितलें, आणि नामपट्ट्यांवर आडनांव न घालतां केवळ नांव घालण्याची पद्धत सुरू केली. जातीय तेढीनें जिल्हा तापलेला असतां, समोरचा पोलीस कोणत्या जातीचा ह्यापेक्षां तो पोलीस आहे हें लोकांनीं पाहावें, असा हा प्रयत्न होता.

ह्यावर आक्षेपहि घेतां येतो. एकाच कचेरींत तीन संतोष असले तर कोणत्या संतोषनें काम केलें हें कसें कळावें? अशा ठिकाणीं नांवाखालीं हुद्दा व एक छोटा क्रमांक घातला म्हणजे दोन्ही अडचणी दूर होतात. जुना बक्कल नंबर नांवाच्या जागीं न येतां नांवाच्या जोडीस येतो. अकराशें वर्षांपूर्वींच्या ताम्रपटानें अधिकाऱ्याचें ताजिकपण लपविलें नाहीं, आणि त्यामुळें त्याच्या सन्मानास बाधहि आला नाहीं. तसा काळ पुन्हा आला तर आडनांवाची भीति उरणार नाहीं. तोंपर्यंत आडनांव लावावें कीं न लावावें, ह्याचा निर्णय ज्याच्या छातीवर तें लागावयाचें त्याला विचारून घ्यावा, हें उत्तम.

नांव अचूक असण्याचें महत्त्व तारापूरला एका निराळ्याच बिल्ल्यानें शिकविलें आहे. तेथील अणुविद्युत् केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून नियमित वीज देऊं लागलें. अशा केंद्रांत किरणोत्सर्गाच्या सान्निध्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. पूर्वीं त्यांत छायाचित्रणाच्या फिल्मचा तुकडा असे. १९७० नंतरच्या दशकांत त्याची जागा नव्या बिल्ल्यानें घेतली. ह्या नव्या बिल्ल्यांत निकेलचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा असतो व त्यावर विशिष्ट स्फटिकद्रव्याच्या तीन चकत्या बसविलेल्या असतात. अंगावर जितका किरणोत्सर्ग पडेल तितकी ऊर्जा त्या चकत्या सांठवून ठेवतात; प्रयोगशाळेंत त्या तापविल्या म्हणजे त्या प्रमाणांत प्रकाश बाहेर पडतो, आणि त्यावरून माणसास किती मात्रा मिळाली तें काढतां येतें. हा हिशेब वर्षानुवर्षें माणसागणिक ठेवावा लागतो. एकाचा बिल्ला दुसऱ्यानें लावला, तर एकाच्या शरीरावरील मात्रा दुसऱ्याच्या खातीं जमा होते. तेथें नांवाची चूक ही आरोग्याची चूक ठरते.

इतका इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे, पालघर-बोईसरच्या एखाद्या संस्थेनें आपल्या सेवकांसाठीं नांवाची पट्टी कशी निवडावी, ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर आपोआप आकार घेऊं लागतें. पहिला विचार हवेचा. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. खाऱ्या वाऱ्यानें व घामानें तें काळवंडतें, त्यावर हिरवा कळंक चढतो, आणि रोज घासून चकचकीत करूं गेल्यास उथळ कोरलेलीं अक्षरें झिजून जातात. समुद्राकांठीं व रासायनिक कारखान्यांच्या वाफेंत बिनडागी पोलाद अधिक टिकतें. सामान्य बिनडागी पोलादांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. त्यांत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेला प्रकार खारटपणास जास्त दाद देत नाहीं. ॲल्युमिनियम हलकें व स्वस्त. विद्युत्प्रक्रियेनें त्यावर रंगीत थर चढवितां येतो, पण खोल ओरखडा पडला कीं खालचा पांढरा धातु दिसूं लागतो.

दुसरा विचार कोरण्याचा. ताम्रपटाच्या काळीं लेखक शाईनें मजकूर लिहून देई व कारागीर छिन्नीनें तो कोरी. चुकलेलें अक्षर ठोकून सपाट करावें लागे आणि त्याचा डाग पत्र्यावर राही. पुढें नमुन्यावरून सुई फिरवून अक्षर कोरणारीं यंत्रें आलीं, आम्लानें धातु खाऊन अक्षर उठविण्याची रीत आली, आणि आतां लेसरच्या किरणानें क्षणांत नांव उमटतें. लेसरनें केवळ पृष्ठभाग काळा केला असेल तर तो घासला जाऊं शकतो; अक्षराला खोली देऊन त्यांत रंग भरला तर तें वर्षानुवर्षें वाचतां येतें. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खालीं उकार ह्यांसाठीं जागा लागते. म्हणून रोमन अक्षरांसाठीं बेतलेल्या पट्टीवर मराठी नांव कोंबलें तर तें वाचतां न येण्याजोगें बारीक होतें. पट्टीची उंची देवनागरीच्या मापानें ठरवावी.

तिसरा विचार जागेचा. फिरत्या यंत्रापाशीं गळ्यांत लोंबणारी पट्टी धोक्याची. ती खिशावर घट्ट बसणारी हवी. वीजवाहक तारांजवळ काम करणाऱ्यानें अंगावर धातु बाळगूं नये. औषधांच्या कारखान्यांत टांचणी सुटून मालांत पडण्याचें भय असतें. तेथें कापडावर विणलेलें नांवच बरें. कपड्यास भोंक पडूं नये म्हणून चुंबकाची पट्टी वापरतात, पण ज्याच्या छातींत हृदयाचे ठोके नियमित करणारें यंत्र बसविलें आहे त्यानें ती लावूं नये. धातूचा मोह जेथें सोडावा लागतो तेथें तो सोडणें हीहि निवडच आहे.

शेवटचा विचार वाचणाऱ्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून निराळा झालेला पालघर जिल्हा वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी ह्या आदिवासी समाजांचा आहे, मच्छीमारांचा आहे, वाडीवाल्यांचा आहे, आणि कारखान्यांसाठीं देशभरांतून आलेल्या कामगारांचाहि आहे. १९६४ च्या अधिनियमानें मराठी ही राज्याची राजभाषा झाली. तरीहि अनेक खासगी कचेऱ्यांतल्या पट्ट्या केवळ रोमन अक्षरांत असतात. डोंगरपट्टींतून दवाखान्यांत आलेल्या बाईस त्या पट्टीचा कांहीं उपयोग नाहीं. तिच्या दृष्टीनें ती जुनी चपरासच. नांव प्रथम देवनागरींत व ठळक असावें. दुसरी लिपि हवी तर खालीं यावी.

ह्याच संबंधांत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. रोमन यादीवरून देवनागरी नांवें उतरविलीं तर 'वरठा'चें 'वर्था' होतें, 'धोडी'चें 'ढोडी' होतें, 'संखे' ह्यांचे 'सांखे' होतात. ज्याचें नांव असेल त्याच्याच हातानें तें कागदावर लिहून घ्यावें, कोरण्यापूर्वीं त्यास नमुना दाखवावा व त्याची संमति घ्यावी. सफाई कामगारापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या पट्टीचा धातु व अक्षराचें माप एकच ठेवावें. हुद्दा शब्दांनीं सांगावा, सोन्या-रुप्यानें नव्हे. वराहमिहिराच्या आठ आणि दोन अंगुळांचा हिशेब राजदरबारास शोभला; नागरिकांच्या सेवेसाठीं उघडलेल्या कचेरींत त्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं.

चिंचणीचा ताम्रपट जमिनींतून वर आला तेव्हां ना राष्ट्रकूटांचें राज्य उरलें होतें, ना तें संयान-मंडळ. तरी फुकट नावा चालविणाऱ्या आणि वाटसरूंस तूपभात घालणाऱ्या एका परदेशी अधिकाऱ्याचें नांव वाचतां आलें, कारण तें दुसऱ्याच्या हातीं देण्यासाठीं कोरलें होतें. छातीवरची पट्टी एवढी दीर्घायुषी असण्याची गरज नाहीं. गणवेशाबरोबर तिचें काम सुरू होतें आणि निवृत्तीबरोबर संपतें. पण तेवढ्या काळांत तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसास, आपलें काम कोणाकडे आहे, हें विचारल्याशिवाय कळलें पाहिजे. संस्थांनीं नमुन्यांची पेटी उघडतांना ह्या समोरच्या माणसाची आठवण ठेवली, तर निवड चुकण्याचा संभव फार थोडा.